मेटाडेटाचा पसारा आणि इंडेक्सिंगचा घोळ: नवख्यांसाठी दुरुस्तीच्या पायऱ्या

शोधात एकच फाइल दोनदा येते. फाइलचं नाव एक असतं आणि यादीत तिचं शीर्षक भलतंच दिसतं. कधीही न लावलेले टॅग नि शेरे माहितीच्या पट्टीत हजर होतात. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावावा, तर प्रत्येक फाइलशेजारी डॉटने सुरू होणारी त्याच नावाची आणखी एक फाइल. या सगळ्या तक्रारी लोक एका वाक्यात सांगतात: "इंडेक्सिंगने घोळ घातलाय." मग कुणीतरी सल्ला देतो की इंडेक्स उडव आणि नव्याने बनव. रात्रभर डिस्क घरघरते, सकाळी पाहावं तर पसारा होता तिथेच.

कारण बरेचदा पसारा इंडेक्समध्ये नसतोच. म्हणून या लेखातली पहिली पायरी दुरुस्तीची नाही, शोधण्याची आहे. ती टाळून पुढे गेलात तर दोनच गोष्टी होतील: एक तर मेहनत वाया जाईल, नाहीतर वर्षानुवर्षं जमवलेले टॅग एका कमांडने पुसले जातील. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती भरून येत नाही.

एक सूचना आधीच देतो. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत आणि गोंधळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी केली आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ती रोमन लिपीत, वेगळं सांगितलं नसेल तर छोट्या अक्षरांत टाइप करायची.

पायरी १: पसारा राहतो कुठे ते ओळखा

इंडेक्सर हा मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम. फोल्डर पालथे घालायचे, फाइलचं नाव, तारीख, आकार आणि जमलं तर आतला मजकूर वाचायचा आणि स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंदवायचा, एवढंच त्याचं काम. विंडोजवर हे काम विंडोज सर्च करतो, मॅकवर स्पॉटलाइट, लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर बालू, आणि लिनक्सच्याच नोम डेस्कटॉपवर पूर्वी ट्रॅकर या नावाने ओळखला जाणारा, २०२४ पासून लोकलसर्च म्हणवला जाणारा प्रोग्रॅम. फाइल वाचणं हा यांचा धंदा. फाइलवर लिहिणारे बहुधा दुसरेच असतात. फाइल मॅनेजर, ब्राउझर, फोटो सांभाळणारे प्रोग्रॅम, डाउनलोड करणारी साधनं लिहितात, आणि इंडेक्सर ते इमानाने वाचून तुमच्यासमोर मांडतो. शिव्या मात्र त्याला बसतात.

मेटाडेटा म्हणजे फाइलबद्दलची माहिती. ती साचण्याच्या जागा चार.

पहिली जागा इंडेक्सचा डेटाबेस. तो फाइलपासून पूर्ण वेगळा असतो. उडवला तर फाइलला ओरखडाही उठत नाही आणि काही तासांत तो पुन्हा तयार होतो.

दुसरी जागा म्हणजे फाइलसिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेने) फाइलला बाहेरून चिकटवलेली माहिती. लिनक्स आणि मॅकवर तिला एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलसिस्टिमवर साधे अ‍ॅट्रिब्यूट असतात आणि त्याशिवाय फाइलला जोडलेले जादा डेटा स्ट्रीम. ही माहिती फाइलच्या आकारात मोजली जात नाही, फाइल उघडली तर दिसत नाही, ईमेलने पाठवली तर सोबत जात नाही. नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

तिसरी जागा फाइलचं पोट. पीडीएफचं शीर्षक, फोटोतला एक्झिफ (कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती), गाण्यातला आयडी-थ्री टॅग हे सगळं फाइलचाच भाग असतं आणि ती जाईल तिथे जातं.

चौथी जागा सगळ्यात सोपी: शेजारी पडलेल्या सुट्या फाइल. मॅकची डॉट-डीएस-स्टोअर, विंडोजची थंब्स-डीबी, फोटो प्रोग्रॅमच्या एक्सएमपी फाइल या त्यातल्या.

आता परीक्षा. तक्रारीची एक फाइल निवडा आणि तिची प्रत एक्सफॅट किंवा फॅट-३२ असलेल्या पेन ड्राइव्हवर करा. या दोन्ही फाइलसिस्टिमना एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट कळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या जागेतला पसारा तिथे पोचताच गळून पडतो. आता ती प्रत शक्यतो दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. चुकीचं शीर्षक, नको असलेला लेखक तिथेही दिसला तर तो फाइलच्या पोटात आहे. सरळ पायरी ५ वर जा. नाहीसा झाला तर पहिली किंवा दुसरी जागा. मॅकवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मॅक अशा ड्राइव्हवर अ‍ॅट्रिब्यूट सोडून देत नाही, त्यांची वेगळी फाइल करून शेजारी ठेवतो. तेव्हा परीक्षा करताना फक्त मूळ फाइल पाहा.

आणि हो, एक पाचवी शक्यताही असते: पसारा कुठेच नसतो, फक्त दाखवला जातो. केडीईच्या डॉल्फिन फाइल मॅनेजरमध्ये एफ-११ दाबल्यावर उजवीकडे माहितीची पट्टी उघडते. तिच्यात फोकल लेंथपासून शब्दसंख्येपर्यंत काय वाटेल ते येतं. पट्टीवर उजवी क्लिक करून कॉन्फिगर निवडा आणि नको त्या ओळींच्या खुणा काढा. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये स्तंभांच्या मथळ्यावर उजवी क्लिक करून हेच करता येतं. एवढ्याने समाधान झालं तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पायरी २: केडीई आणि बालू

याच्यावर जास्त वेळ घालवतो, कारण इथे चारही जागांचा गुंता एकत्र सापडतो.

आधी थोडा इतिहास, कारण जुन्या होम फोल्डरमध्ये तो अजून पडलेला असतो. केडीई-४ च्या काळात हे काम नेपोमुक करायचा. तो टॅग आणि स्टार स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवायचा. डेटाबेस बिघडला की टॅगही गेले. एप्रिल २०१४ मध्ये, केडीई ४.१३ सोबत, बालू आला आणि धोरण बदललं: टॅग, स्टार आणि शेरे फाइलच्याच एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये लिहायचे, इंडेक्समध्ये त्यांची फक्त नोंद ठेवायची. निर्णय चांगला होता. इंडेक्स उडाला तरी टॅग राहतात. पण त्याचमुळे "इंडेक्स पुसला तरी जुने टॅग परत कसे येतात?" हा प्रश्न जन्माला आला. ते परत येत नाहीत, ते गेलेलेच नसतात.

टर्मिनल उघडा आणि बालू-सीटीएल ही कमांड वापरा. अक्षरं अशी: बी-ए-एल-ओ-ओ-सी-टी-एल. केडीईच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीवर याच नावाला शेवटी ६ चा आकडा जोडायचा, मध्ये जागा न सोडता. तिच्यापुढे जागा सोडून 'स्टेटस' लिहा. सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणारा शब्द, तिच्याआधी लावू नका. इंडेक्स प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. सुडो लावून तुम्ही रूटचा, म्हणजे प्रशासकाचा, इंडेक्स बघाल आणि भलत्याच निष्कर्षावर याल.

उत्तरात काही ओळी येतात: इंडेक्सर चालू आहे का, सध्या काय करतोय, किती फाइल झाल्या, किती रांगेत आहेत, किती अपयशी ठरल्या आणि इंडेक्सचा आकार किती. रांगेतला आकडा थोड्या वेळाने पुन्हा पाहा. कमी होत असेल तर त्याला काम करू द्या. तासभर एकाच जागी अडला असेल तर एखादी फाइल घशात अडकली आहे. स्टेटसऐवजी 'मॉनिटर' लिहिलं तर बालू या क्षणी कुठली फाइल वाचतोय ते दिसतं, आणि 'फेल्ड' लिहिलं तर वाचता न आलेल्या फाइलींची यादी मिळते. अर्धवट उतरलेल्या पीडीएफ आणि मोडक्या व्हिडिओ फाइल हे नेहमीचे अपराधी. अशी फाइल दुरुस्त होत नसेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तो फोल्डर इंडेक्समधून वगळा.

इथे एका भीतीचं निरसन करायला हवं. सिस्टिम मॉनिटरमध्ये बालूच्या नावापुढे व्हर्च्युअल मेमरी २५६ जीबीच्या आसपास दिसते आणि लोक हादरतात. ती रॅम नव्हे. बालूचा डेटाबेस एलएमडीबी या पद्धतीचा आहे. तो सुरुवातीलाच पत्त्यांची एवढी मोठी जागा राखून ठेवतो, वापरतो त्यातला बारीकसा भाग. खरी रॅम बघायची तर रेसिडेंट मेमरीचा स्तंभ पाहा.

एलएमडीबीची आणखी एक खोड: नोंदी काढल्या तरी डिस्कवरची फाइल आक्रसत नाही. मोकळी झालेली पानं पुढच्या नोंदींसाठी वापरली जातात, पण आकार तोच राहतो. म्हणजे मोठा फोल्डर वगळल्यावर इंडेक्स छोटा होईल ही आशा सोडा. आकार कमी करायचा तर इंडेक्स पुसून नव्यानेच बांधावा लागतो.

वगळायचं काम सिस्टिम सेटिंग्जमध्ये, सर्चच्या विभागात फाइल सर्च या पानावर होतं. कुठले फोल्डर वगळावेत? कोड लिहिणाऱ्यांचे प्रकल्प, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क, ईमेलचे साठे, बॅकअपच्या जुन्या प्रती. एकच फाइल शोधात दोनदा येण्याचं सगळ्यात साधं कारण बॅकअपचा फोल्डर होममध्येच असणं हे असतं. त्याच पानावर फाइलच्या आतला मजकूरही इंडेक्स करायचा का, हा पर्याय आहे. तो बंद केला की फक्त नाव आणि वरवरची माहिती नोंदली जाते. जुन्या मशीनवर मी तो बंदच ठेवायला सांगतो. नावाने शोधणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही. लपवलेले फोल्डर इंडेक्स करण्याचा पर्याय मुळात बंद असतो, तो तसाच राहू द्या.

बॅकअप वगळूनही जोड्या दिसत असतील तर कारण खोलवर आहे. बालू फाइल ओळखतो ती नावाने नव्हे, तर डिस्कचा क्रमांक आणि फाइलचा आयनोड क्रमांक (फाइलसिस्टिमने तिला दिलेला क्रमांक) यांच्या जोडीने. बीटीआरएफएससारख्या फाइलसिस्टिमवर किंवा अनेक डिस्क असलेल्या मशीनवर रीबूटनंतर डिस्कचा क्रमांक बदलू शकतो. मग बालूला त्याच फाइली नव्या वाटतात, तो सगळं पुन्हा वाचतो आणि जुन्या नोंदी तशाच राहतात. नव्या आवृत्त्यांत यावर इलाज केलेला आहे, म्हणून आधी सिस्टिम अपडेट करा आणि मगच इंडेक्स पुसा. क्रम उलटा केलात तर पुढच्या रीबूटला पुन्हा तेच.

पुसण्याची कमांड: बालू-सीटीएल, जागा, 'पर्ज'. जुन्या आवृत्तीत हा शब्द चालला नाही तर आधी 'डिसेबल' करा, होममधल्या डॉट-लोकल फोल्डरातल्या शेअर फोल्डरात बालू नावाचा फोल्डर आहे तो डिलीट करा, आणि 'एनेबल' करा. नेपोमुकचे अवशेष उरले असतील तर ते डॉट-केडीई किंवा डॉट-केडीई-फोर या लपवलेल्या फोल्डरात सापडतील. केडीई-४ चा एकही प्रोग्रॅम वापरत नसाल तर तेही काढायला हरकत नाही.

बालू कायमचा बंद करावा का? बंद केला तरी मशीन अडत नाही. पण डॉल्फिनच्या डाव्या पट्टीतली टॅगवार यादी बालूवर चालते, ती निकामी होते. टॅग फाइलला चिकटलेले राहतात, फक्त एका ठिकाणी गोळा होऊन दिसत नाहीत. आणि गंमत अशी की बालू बंद असतानाही माहितीची पट्टी फाइलमधला मेटाडेटा स्वतः वाचून दाखवते. हीच एक उपयुक्त परीक्षाही आहे: बालू बंद, इंडेक्स पुसलेला, तरी नको ती माहिती दिसतेय? मग ती फाइलवर किंवा फाइलमध्ये आहे, इंडेक्सचा संबंध संपला.

नोमवाल्यांचं काम थोडक्यात. नव्या आवृत्तीत लोकलसर्च, जुन्यात ट्रॅकर-थ्री. पुढे 'स्टेटस' लिहून प्रकृती पाहायची आणि 'रीसेट' लिहून त्यापुढे दोन डॅश देऊन 'फाइलसिस्टिम' लिहिलं की फाइलींचा इंडेक्स पुसला जातो. एखादा फोल्डर वगळायचा असेल तर त्यात डॉट-ट्रॅकरइग्नोर नावाची रिकामी फाइल ठेवा.

पायरी ३: फाइलला चिकटलेलं काढा

लिनक्सवर अ‍ॅट्रिब्यूट बघायला एटीटीआर नावाचं पॅकेज लागतं. नसेल तर इन्स्टॉल करा. त्यात दोन कमांड येतात: बघायची जी-ई-टी-एफ-ए-टी-टी-आर आणि बदलायची एस-ई-टी-एफ-ए-टी-टी-आर. मी यांना गेट-अ‍ॅटर आणि सेट-अ‍ॅटर म्हणतो.

गेट-अ‍ॅटर, जागा, डॅश डी, जागा, फाइलचं नाव. टॅग आणि स्टार लावलेली, इंटरनेटवरून उतरवलेली फाइल असेल तर तीन-चार ओळी येतील. 'यूजर डॉट एक्सडीजी डॉट टॅग्ज' पुढे स्वल्पविरामाने तोडलेले टॅग. 'यूजर डॉट बालू डॉट रेटिंग' पुढे एक आकडा. चार स्टार दिले असतील तर इथे ८ दिसेल, कारण मोजणी अर्ध्या स्टारने होते. 'यूजर डॉट एक्सडीजी डॉट कमेंट' पुढे शेरा. आणि कधी 'यूजर डॉट एक्सडीजी डॉट ओरिजिन डॉट यूआरएल' पुढे फाइल जिथून उतरवली तो पूर्ण पत्ता. टॅग किंवा शेरा देवनागरीत लिहिला असेल तर त्याजागी शून्य आणि एस या अक्षरांनी सुरू होणारी अगम्य ओळ दिसू शकते. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. ज्या मजकुरात साधी रोमन अक्षरं कमी, त्याला ही कमांड बेस-६४ या सांकेतिक रूपात बदलून दाखवते. डॉल्फिनमध्ये तोच टॅग व्यवस्थित दिसेल.

यातली शेवटची ओळ, म्हणजे मूळ पत्ता, ही निव्वळ अडगळ नाही, कधी धोकाही असतो. डाउनलोडच्या पत्त्यात पासवर्ड किंवा गुप्त टोकन असेल तर तेही तिथे उमटतं. डब्ल्यूगेट या साधनाच्या १.२०.१ पूर्वीच्या आवृत्तीत नेमकं हेच न विचारता घडायचं; सीव्हीई-२०१८-२०४८३ या क्रमांकाने ती त्रुटी नोंदलेली आहे. आता ते मुद्दाम मागितलं तरच लिहितं. पण तेव्हा उतरवलेल्या फाइली तुमच्या डिस्कवर अजून असतील, तर त्यांच्यावरचा शिक्काही असेल.

काढण्याआधी प्रत ठेवा. फोल्डरमध्ये जाऊन गेट-अ‍ॅटरला डॅश कॅपिटल आर आणि डॅश डी देऊन शेवटी एक डॉट द्या, आणि उत्तर 'पेक्षा मोठे' या चिन्हाने एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवा. सगळ्या फाइलींचे अ‍ॅट्रिब्यूट त्यात उतरतील. उद्या पस्तावलात तर त्याच फोल्डरमधून सेट-अ‍ॅटरला दोन डॅश, 'रिस्टोअर', बरोबरचं चिन्ह आणि या फाइलचं नाव दिलं की सगळं जिथल्या तिथे.

आता काढा: सेट-अ‍ॅटर, डॅश एक्स, अ‍ॅट्रिब्यूटचं पूर्ण नाव, फाइलचं नाव. फाइलच्या नावाजागी तारांकन दिलंत तर फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींवर चालेल. ज्यांच्यावर तो अ‍ॅट्रिब्यूट नव्हता त्यांच्यासाठी "असा अ‍ॅट्रिब्यूट नाही" अशी तक्रार येईल. ती सोडून द्या. फक्त टॅग काढायचे असतील तर टर्मिनलची गरजही नाही: डॉल्फिनमध्ये फाइली निवडा, माहितीच्या पट्टीत टॅग बदला.

एक लक्ष्मणरेषा मात्र पाळा. हात लावायचा तो फक्त 'यूजर' ने सुरू होणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटना. 'सिक्युरिटी' आणि 'सिस्टिम' ने सुरू होणारे अ‍ॅट्रिब्यूट परवानग्या आणि सुरक्षेचे असतात. ते काढलेत तर प्रोग्रॅम चालेनासे होतील आणि कारण सापडता सापडणार नाही.

या सफाईचा एक परिणाम बॅकअपवर दिसतो. अ‍ॅट्रिब्यूट बदलला की फाइलची मजकूर बदलल्याची तारीख तीच राहते, पण सीटाइम नावाची दुसरी तारीख बदलते. बोर्ग आणि रेस्टिक ही बॅकअपची साधनं मुळात सीटाइम बघतात, त्यामुळे हजारो फाइली साफ केल्या तर पुढचा बॅकअप त्या सगळ्या पुन्हा वाचत बसेल. मजकूर तोच असल्याने जागा जवळपास वाढणार नाही, वेळ मात्र जाईल. उलट बाजूने, साध्या सीपी कमांडने केलेल्या प्रतीत अ‍ॅट्रिब्यूट येत नाहीत. टॅग जपायचे असतील तर सीपीला डॅश ए, आणि आरसिंक या प्रती करणाऱ्या साधनाला डॅश कॅपिटल एक्स द्यायला विसरू नका.

पायरी ४: विंडोज आणि मॅक

विंडोजमध्ये इंडेक्सिंगचा एक पर्याय खरोखरच फाइलींच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये बदल करतो, आणि तो लोक भाबडेपणाने वापरतात. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली एक चौकट असते: या ड्राइव्हवरील फाइलींचा मजकूर इंडेक्स होऊ द्यावा, अशा अर्थाची. मशीन वेगवान करण्याच्या सल्ल्यांमध्ये ती बंद करायला हमखास सांगतात. तुम्ही बंद करता, विंडोज विचारतं की सगळ्या उपफोल्डरांना आणि फाइलींना लावू का, तुम्ही हो म्हणता. मग ते एकेका फाइलला 'इंडेक्स करू नये' असा अ‍ॅट्रिब्यूट लावत सुटतं. नंतर चौकट पुन्हा चालू केली आणि फक्त वरच्या फोल्डरपुरती लावली, तर आतल्या फाइलींवर तो शिक्का राहतोच, आणि शोध त्यांच्या मजकुरापर्यंत पोचत नाही. एक्सप्लोररमध्ये अ‍ॅट्रिब्यूट्सचा स्तंभ लावा. अशा फाइलींसमोर आय हे अक्षर दिसेल. काढायला कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब, वजा चिन्हाला लागून आय, मग फाइलींचा पत्ता, आणि शेवटी स्लॅश एस. हे फक्त स्वतःच्या कागदपत्रांच्या फोल्डरवर चालवा, अख्ख्या सी ड्राइव्हवर नको.

उतरवलेल्या फाइलींवर विंडोज झोन-आयडेंटिफायर नावाचा जादा स्ट्रीम लावतो. त्यात झोनचा आकडा ३ असेल तर फाइल इंटरनेटवरून आली, असा अर्थ. कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयआर पुढे स्लॅश आर दिलं की हे स्ट्रीम दिसतात. सुरक्षेच्या इशाऱ्यांसाठी तो असतो, तेव्हा सरसकट काढू नका. खात्रीच्या फाइलसाठी प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकची खूण केली की पुरे.

इंडेक्सच बिघडला असेल तर कंट्रोल पॅनलमधलं इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडा. मॉडिफायमध्ये कुठले फोल्डर घ्यायचे ते ठरवा, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये फाइल टाइप्स पाहा. प्रत्येक प्रकारासाठी फक्त गुणधर्म की मजकूरही, हे तिथे वेगवेगळं ठरवता येतं, आणि रीबिल्ड हा उपाय त्यानंतरचा. बहुतेक जण थेट रीबिल्डवर झडप घालतात, आणि सेटिंग तेच असल्याने तोच इंडेक्स नव्याने मिळवतात.

मॅकवर एमडी-एलएस ही कमांड स्पॉटलाइटला फाइलबद्दल काय काय ठाऊक आहे ते दाखवते, तर एक्सएटीटीआर पुढे डॅश एल दिलं की फाइलला प्रत्यक्ष काय चिकटलंय ते दिसतं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. नाव, आकार आणि तारखा सोडून पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, असं काही दिसलं तर ते एकतर फाइलच्या पोटातलं आहे किंवा इंडेक्समधली शिळी नोंद. शिळ्या नोंदींसाठी स्पॉटलाइटच्या सेटिंगमधल्या प्रायव्हसीच्या यादीत डिस्क घाला, थोडं थांबा, पुन्हा काढा. इंडेक्स नव्याने बांधला जातो. एखाद्या बाहेरच्या ड्राइव्हवर स्पॉटलाइट नकोच असेल तर त्या ड्राइव्हच्या मुळाशी डॉट-मेटाडेटा-नेव्हर-इंडेक्स नावाची रिकामी फाइल ठेवा, शब्द अंडरस्कोअरने जोडून.

एक्सफॅट ड्राइव्हवर दिसणाऱ्या, डॉट आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या त्या जोडफाइली म्हणजे वर सांगितलेले अ‍ॅट्रिब्यूट. ड्राइव्ह दुसऱ्याला देण्याआधी डॉट-अंडरस्कोअर-क्लीन ही कमांड डॅश एम देऊन त्यावर चालवली की त्या निघून जातात. इथे पहिला 'डॉट' चिन्ह नसून शब्द आहे, डी-ओ-टी असा टाइप करायचा. त्यांच्यासोबत तुमचे फाइंडरमधले रंगीत टॅगही जातील, हे गृहीत धरा.

पायरी ५: फाइलच्या पोटातलं

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. फाइलचं नाव तुम्ही व्यवस्थित 'वार्षिक अहवाल' ठेवलं आहे. शोधात मात्र तिचं शीर्षक 'मायक्रोसॉफ्ट वर्ड - डॉक्युमेंट-१' असं येतं. इंडेक्स पुसा, अ‍ॅट्रिब्यूट काढा, काही फरक पडत नाही. पीडीएफ बनवताना प्रिंटच्या वाटेने वर्डच्या खिडकीचं नाव पीडीएफच्या शीर्षकाच्या रकान्यात गेलं आणि तिथेच राहिलं. फाइलचं नाव बदलल्याने तो रकाना बदलत नाही. इंडेक्सर बिचारा तो वाचून दाखवतोय.

यासाठी एक्झिफटूल हे साधन वापरा; विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि फोटो, पीडीएफ, व्हिडिओ सगळं वाचतं. नुसतं फाइलचं नाव दिलं की आतले रकाने दाखवतं. डॅश 'टायटल', बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात नवं शीर्षक दिलं की ते बदलतं. बदल करताना ते मूळ फाइल 'ओरिजिनल' हा शब्द नावाला जोडून शेजारी ठेवतं. ही सोय पहिल्या दिवशी उपकारक आणि महिन्याने अडगळ. काम तपासून झालं की त्या प्रती काढा.

पीडीएफच्या बाबतीत एक्झिफटूलची एक मर्यादा ठाऊक असायलाच हवी. ते जुना मेटाडेटा पुसत नाही, नवा शेवटी जोडतं. जाणकार माणूस जुना परत काढू शकतो. शीर्षक नीट दिसणं एवढाच हेतू असेल तर चालेल. लेखकाचं नाव लपवायचं असेल तर त्यानंतर क्यूपीडीएफ या साधनाने फाइल लिनिअराइज करून नव्याने लिहून घ्या, म्हणजे जुना भाग मागे उरत नाही. विंडोजवर ऑफिसच्या कागदपत्रांसाठी आणि फोटोंसाठी प्रॉपर्टीजच्या डिटेल्स पानावर, तळाशी, वैयक्तिक माहिती काढण्याचा दुवा आहे. तो मूळ फाइल राखून साफ केलेली प्रतही बनवून देतो, आणि मी तोच पर्याय निवडायला सांगतो.

पायरी ६: पसारा परत येतोय?

दोन दिवसांनी तेच टॅग पुन्हा हजर झाले, तर कुणीतरी लिहितंय. फोटोंच्या बाबतीत संशय आधी फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमवर घ्या. डिजीकॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटाचं वेगळं पान आहे. टॅग फाइलमध्ये लिहायचे, शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहायचे की फक्त स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवायचे, हे तिथे ठरतं.

इतर फाइलींसाठी पाळत ठेवावी लागते. लिनक्सवर इनोटिफाय-टूल्स पॅकेजमधली इनोटिफाय-वेट कमांड डॅश एम, डॅश ई, 'अ‍ॅट्रिब' आणि फोल्डरचं नाव देऊन चालू ठेवा. अ‍ॅट्रिब्यूट बदलला की त्या क्षणी ओळ उमटते. कुणी बदलला ते ती सांगत नाही, पण तेव्हा कुठला प्रोग्रॅम उघडा होता ते तुम्हाला माहीत असतंच. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस मॉनिटर थेट प्रोग्रॅमचं नाव सांगतो. फाइलच्या पत्त्याचा फिल्टर आधी लावा, नाहीतर नोंदींच्या पुरात काही दिसणार नाही. मॅकवर एफएस-युसेज हेच काम करतं, त्याला सुडो लागतं. नाव हाती आलं की त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मेटाडेटा लिहिण्याचा पर्याय बंद करा, आणि पायरी ३ किंवा ५ त्यानंतर पुन्हा एकदा करा.